खिडकीपुढचा नेचा

"दहाची घंटा होईपर्यंत ही खिडकी उघडली पाहिजे," गंगाराम म्हणाला. "नाय उघडली, तर हे रान मी कुंपणाच्या गडग्यापलीकडं टाकणार."

तो शाळा समितीचा अध्यक्ष होता आणि घरून कोयती घेऊनच आला होता. पडवीतला नेचा सिमेंटच्या कुंडीतून चहूकडे ओसंडला होता. वाचनखोलीच्या खिडकीची झडपे त्याच्यावर अडून अर्धीच उघडत. आत पहिलीची पोरे सकाळच्या शाळेलाही दिवा लावून वाचत. कुंडी दुसरीकडे न्यावी, तर पडवीत सावली तेवढीच होती.

पाचवीतली मनस्वी कुंडीपुढे उकिडवी बसली. दुसरीत असताना करवंटीत मावेल एवढा तुकडा तिनेच आणून लावला होता.

"बाई, तुम्ही सांगा ना काकांना."

गुणवंतीबाई निवृत्त झाल्या होत्या, पण दर शनिवारी मुलांना शिकवायला येत. त्या पायरीवर टेकल्या. "मी काय सांगू? तीन वर्षं पाणी कोणी घातलं? तूच सांग."

मनस्वीने काळी पडलेली काही पाने बाजूला केली. सगळ्यांचे शेंडे एकाच उंचीवर तुटलेले होते.

"ही तुम्ही गेल्या वर्षी कापलीत, काका."

"मग? मेंदीच्या कुंपणासारखा सारखा केलेला. चार महिन्यांत परत तेवढाच."

"ह्याचं पान शेंड्याला फुटत नाही. शेंडा कापला की ते तसंच राहतं आणि सुकतं. नवीन पान खालून येतं." तिने कात्री घेतली आणि ती थोटकी पाने एकेक करून अगदी बुडाशी कापली. मग जुनी, लोळलेली. पडवीत हिरवा ढीग झाला.

एक पान उलटे पडले. गंगाराम वाकला आणि एकदम मागे सरला.

"थांब गो. कीड हाय ही. पलीकडं माझी आंब्याची कलमं मोहोरली आहेत. आता दहा नाय नि बारा नाय, आत्ताच्या आत्ता जाळायचा हा."

पानाखाली तपकिरी ठिपके होते. पाचवीची पोरे बघायला जवळ आली. मनस्वीने बाईंकडे पाहिले. त्यांनी फक्त हनुवटीने गंगारामकडे खूण केली.

मनस्वीने पान उचलून त्याच्या हातात दिले.

"काका, तुमच्या कलमावर कीड कशी बसते?"

"कशी म्हणजे? जागा मिळेल तिथं. कुठं दाट, कुठं इरळ."

"मग हे बघा. ह्या काठाला एक रांग, त्या काठाला एक रांग. आता दुसरं पान बघा."

गंगारामने खिशातून चष्मा काढला. दुसरे पान पाहिले, तिसरे पाहिले. नखाने एक ठिपका खरवडला. भुकटी निघाली. पाय नव्हते, पंख नव्हते.

"बीजाणू आहेत ते," मनस्वी म्हणाली. "ह्याला फूल येत नाही. म्हणून बी नाही, बीच्या जागी हे."

"एवढ्या सरळ रांगेत तर ही पोरंपण बसत नाहीत," गंगाराम पुटपुटला.

बाई पदराआड हसल्या. "साडेनऊ झाले," एवढेच म्हणाल्या.

कुंडी आडवी केली आणि चौघांनी मिळून नेचा ओढून काढला. मुळांचा गड्डा काथ्याच्या पायपुसण्यासारखा घट्ट विणला होता. त्यात कात्री शिरेना.

"काका, मी धरते. तुम्ही कोयती चालवा."

"मधोमध?"

"मधोमध नको. ही गुंडाळलेली कोवळी पानं दिसतात ना, त्यांच्या पलीकडून. प्रत्येक तुकड्याला दोन तरी आली पाहिजेत."

आयुष्यभर कलमे छाटलेला माणूस खाली बसला आणि तिने बोट ठेवले तिथेच कोयती घातली. चार तुकडे झाले. कुंडीच्या तळाला नारळाच्या सोडणांचे तुकडे, वर पालापाचोळ्याची माती. त्यात मनस्वीने सगळ्यांत लहान तुकडा लावला, आधी होता तेवढाच खोल.

"टक्कल पडलंय ह्याला," तिच्या वर्गातला दर्शन म्हणाला.

"तुला पण मे महिन्यात पडतं. येतात ना केस परत?"

पोरे हसली. मनस्वी उठली. तिने झडप ढकलले. ते अर्धे गेले, पाऊण गेले आणि एका लांब पानाला टेकून थांबले.

"काप ते," दर्शन म्हणाला.

ती कात्रीपाशी गेली नाही. दोन्ही हातांनी कुंडी धरून तिने ती थोडीशी वळवली. पान भिंतीकडे गेले. झडप सरळ मागे जाऊन थडकले आणि आकडा कडीत बसला. मग दुसरेही बसले.

आत उजेड पार शेवटच्या बस्करापर्यंत पोचला. पहिलीतली एक मुलगी उठली, टाचा उंचावून तिने दिव्याचे बटण बंद केले आणि पुन्हा वाचायला बसली.

घंटा झाली.

"हे तीन तुकडे टाकू काय गो?" गंगारामने विचारले.

"दोन शाळेला. एक तुम्ही न्या. सावलीत ठेवा."

ओल्या गोणपाटात तुकडा गुंडाळून त्याने स्कूटरवर पायांमध्ये ठेवला आणि आरे-वारेच्या रस्त्याला लागला. पानांना वारा लागू नये म्हणून गुडघे जवळ घेऊन, अगदी हळू.

"काका, शेंडे कापायचे नाहीत," मनस्वी मागून ओरडली.

मागे न बघता त्याने हात वर केला.

त्याची कोयती पडवीतच राहिली होती. मनस्वीने ती धुतली, पुसली आणि पहिलीच्या पोरांचा हात पोचणार नाही अशी उंच, उघड्या खिडकीच्या वरच्या फळीवर ठेवली.