डोळे मिटून घ्या, काकू!

गिऱ्हाईक यायच्या आधीच बाबांनी जुन्या एसयूव्हीचं इंजिन चालू ठेवून चांगलं तापवलं. थंड असली की ती बया खोकायची, धूर ओकायची आणि रुसून बसायची.

गिऱ्हाईक म्हणजे एक जोडपं. बाईंना आठवा महिना. दमून त्या बॉनेटला टेकल्या आणि दचकल्याच. "अगंबाई, ही आधीच कशी गरम?"

बाबांची बोबडी वळली. पण वक्तृत्वाचा कप नुकताच जिंकलेली लेक थोडीच गप्प बसणार! "आत्ताच शाळेतून आलो ना, काकू! बाबा मला रोज हिच्यातूनच नेतात-आणतात. तुम्ही डोळे मिटून घ्या!"

खरं तर गेला महिनाभर ती शाळेत चालत जात होती. तेवढाच व्यायाम, असं बाबा म्हणायचे.

बाई नवऱ्याकडे वळल्या. "अहो, घेऊन टाका. पोटच्या पोरीला बसवतात म्हणजे बघायलाच नको. दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर घोर नाही."

व्यवहार झाला. काकूंनी खिडकीतून हात हलवला. लेकीनंही हलवला, पण तिला त्यांच्याकडे नीट बघवेना.

गाडी कोपऱ्यावर वळल्यावर बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "वाघीण आहेस! चालून चालून पाय दुखले असतील ना गं? पण करणार काय? भर रस्त्यात कधी बंद पडेल नेम नाही. असल्या गाडीत तुला कसा बसवणार होतो मी?"

लेकीनं अजून वर असलेला हात हळूच पाठीमागे लपवला.