एका चष्म्यात दोघं

"दांडी पुन्हा निघाली," म्हातारेबुवा म्हणाले आणि रुमालात गुंडाळलेला चष्मा त्यांनी काउंटरवर ठेवला. "नवीन काही दाखवू नका. हाच नीट करून द्या."

चष्मेवालीने चष्मा उलटसुलट करून पाहिला. दांडीला दोरा, दोऱ्यावर डिंक, डिंकावर पुन्हा दोरा. गल्लीत म्हातारेबुवांना 'अर्धा कप' म्हणत. कुणाकडेही गेले तरी ते एकच चहा मागत आणि बायकोबरोबर वाटून घेत. त्या नावाचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. काटकसरीवरच त्यांनी घर उभं केलं होतं, मुलीला शिकवलं होतं, कुणापुढे हात पसरला नव्हता.

"काका, आता हा काही टिकायचा नाही."

"टिकेल. नऊ वर्षं दोघांचं भागवलंय त्याने. सकाळी माझं वाचन, दुपारी हिचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसाने."

शेजारी त्यांची बायको पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. चष्मेवाली तिच्याकडे वळली. "दोघांचा नंबर एकच कसा असेल? काकू, जरा इकडे या. तपासायचे पैसे घेत नाही मी."

पैसे नाहीत म्हटल्यावर म्हातारेबुवांनीही मान हलवली.

काकूंनी नवऱ्याचा चष्मा हातानेच डोळ्यांपुढे धरला. चष्मेवालीने अक्षरांचा पुठ्ठा पुढे केला. वरची ठळक ओळ त्यांनी वाचली आणि थांबल्या.

"त्याखालची?"

"मुंग्या आहेत नुसत्या."

"मग इतकी वर्षं दुपारी वाचत काय होतात?"

काकू ओशाळून हसल्या. "वाचत कुठे होते? धरून बसायचे. मुलीचं पत्र आलं की हे मोठ्याने वाचून दाखवतात. मला पाठ होतं. मग दुपारी कागद पुढ्यात धरायचा आणि मनातल्या मनात म्हणायचं."

"अगं, मग सांगायचंस की!" म्हातारेबुवा म्हणाले.

"भागत होतं."

चष्मेवालीने एकामागून एक काचा काढून ठेवल्या. "अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय काका. पण पांघरूण एकट्यानेच ओढून घ्यायचं, असं कुठे म्हटलंय?"

म्हातारेबुवांनी काउंटरवरचा रुमाल उचलून हातात घेतला. मग म्हणाले, "हिला नवा करा. चांगला करा."

तपासणीची जड, गोल फ्रेम काकूंच्या नाकावर बसली. एक काच गेली, दुसरी आली. चौथ्या जोडीला काकू ताठ झाल्या. पुठ्ठ्यावरची शेवटची ओळसुद्धा त्यांनी धडाधड वाचून टाकली. मग पिशवीत हात घालून त्यांनी मुलीचं परवा आलेलं पत्र काढलं.

"घरी जाऊन वाच ना," म्हातारेबुवा घाईने म्हणाले. "दुकानात कशाला?"

पण काकूंचं बोट पहिल्या ओळीवर टेकलंही होतं. ओठ भराभर हलत होते, मजकूर पाठच होता. दुसऱ्या पानाच्या मध्यावर ओठ थांबले. बोट एक ओळ मागे गेलं आणि पुन्हा तिथेच आलं. मग त्यांनी सावकाश, एकेक शब्द मोठ्याने वाचला.

"आई, महिनाभर माझ्याकडे राहायला ये, असं मी दर पत्रात लिहिते. तू त्यावर चकार शब्द काढत नाहीस. माझ्यावर रागावली आहेस का?"

चष्मेवाली उगाच ड्रॉवर आवरू लागली.

"हे तुम्ही वाचून दाखवलं नव्हतंत," काकू म्हणाल्या.

"जाण्यायेण्याचा खर्च केवढा..." म्हातारेबुवांनी सुरुवात केली आणि ते मध्येच अडले. हातातला रुमाल त्यांनी दोनदा झटकला. "खर्चाचं होतंच. पण तू महिनाभर तिकडे गेलीस तर मी एकट्याने घरात काय करायचं?"

काकूंनी पत्राची घडी घातली. पुन्हा उघडली. नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मला विचारलं असतंत, तर दोघं गेलो असतो."

मग त्या चष्मेवालीकडे वळल्या.

"ताई, कागद आहे का? आणि पेन? आजवर उत्तरं हेच लिहायचे. आज मी लिहिते."

चष्मेवालीने कोरा कागद दिला. ती जड फ्रेम एका हाताने सावरत काकू काउंटरवर वाकल्या. हाताला सवय राहिली नव्हती, पेन अडखळत होतं. म्हातारेबुवा उठले. काउंटरच्या टोकाला असलेला दिवा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि तिच्या कागदाजवळ आणून ठेवला. मग तिथेच उभे राहिले.

काकूंनी मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं, 'रागावले नाही गं. तुझं पत्र आजच वाचलं.'