तीन नंबरच्या दारावरची कात्री

"छत्री नाही म्हणजे नाही," गाईड सहाव्यांदा म्हणाला. "टोक असतं तिला. रेनकोट घ्या, आणि त्याला धातूची बटणं नकोत. संसदेबाहेर तासभर उघड्यावर उभं राहायचंय. इथल्या हवेचा काही भरवसा नाही. स्वेटरही घाला."

हॉटेलच्या जेवणघरात बसलेली चौदा माणसं माना डोलावत होती. माना डोलावणारी माणसंच सकाळी छत्री घेऊन येतात, हे गाईडला अनुभवाने ठाऊक होतं.

गेल्या दोन महिन्यांत त्याचे दोन गट दारावरून परत फिरले होते. एकदा एका काकांच्या खिशातल्या चाकूमुळे, एकदा एका नव्या नवरीच्या अत्तराच्या बाटलीमुळे. अख्ख्या गटाचा पास एकच असे. एकाजवळ काही सापडलं, तर सगळ्यांना आत सोडायचं की नाही, ते दारावरच्या माणसाच्या मर्जीवर. तिसऱ्यांदा असं झालं तर दुसरी नोकरी बघ, असं मालकाने न ओरडता सांगितलं होतं. मालक ओरडला नाही, याचीच गाईडला जास्त भीती वाटली होती. घरी बायकोला सातवा महिना होता.

निदान मावशींची त्याला काळजी नव्हती. साठीच्या, शिवणकाम करणाऱ्या, एकट्याच आलेल्या. सहल नोंदवतानाच त्यांनी आत कुठल्या दाराने नेणार, ते फोनवर विचारून घेतलं होतं. असा प्रवासी मिळाला की गाईड मनातल्या मनात हात जोडत असे.

"तीन नंबरचं दारच ना?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"हो. तिथला दाढीवाला फार कडक आहे."

"ओरडतो का?"

"छे. बोलतच नाही. त्याला हसताना कुणी पाहिलेलं नाही."

"दिवसभर उभंच राहायचं त्यांनी? जेवायला तरी सोडतात का वेळेवर?"

गाईडला हसू आलं. "त्यांची काळजी सोडा, मावशी. काही सापडलं तर बाजूच्या खोलीत नेऊन उभं करतात, फॉर्म भरतात, वस्तू ठेवून घेतात आणि पावती देतात. तेवढी वेळ आणू नका."

मग त्याने खोका फिरवला. त्यात लायटर पडले, नेलकटर पडले. मावशींनी एक जुनी कात्री ठेवली. तिच्या मुठीला निळी चिंधी गुंडाळली होती.

"तीस वर्षं हातात आहे. सवयीने पिशवीत येते," त्या म्हणाल्या.

"घरी फोन लावून देऊ का? पोचलात म्हणून?"

"नको. आमच्या ह्यांना ओरडायला कारण लागत नाही, उगीच आणखी एक कशाला द्या."

सकाळी वारा असा सुटला होता की बोललेलं ऐकू येईना. खोका बसमध्येच ठेवून सगळे उतरले. रांगेत लागता लागता मावशी थांबल्या. "कानटोपी राहिली बसमध्ये," म्हणत मागे गेल्या आणि लगबगीने परत आल्या. डोक्यावर काहीच नव्हतं.

"मिळाली?"

"पिशवीत आहे."

एवढ्या वाऱ्यात पिशवीत कशाला, असं त्याला वाटलं खरं, पण तो माणसं मोजत होता. "माझे गुडघे कुरकुरतात, मी शेवटी येते," म्हणून मावशी मागे राहिल्या.

तेरा जण सुटले. एकदाही यंत्र वाजलं नाही. गाईडने इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला, आणि मावशींच्या पिशवीपाशी तपासणी-यंत्राचा पट्टा थांबला.

दाढीवाला पडद्याकडे बघत राहिला. बराच वेळ. मग त्याने पिशवीत हात घालून कात्री बाहेर काढली आणि चिंधीवरून अंगठा फिरवला.

"कुणाची?" त्याने मान वर न करता विचारलं.

"माझी," मावशी म्हणाल्या.

"या इकडे."

गाईड बाजूच्या खोलीच्या काचेशी जाऊन उभा राहिला. काचेपलीकडच्या खोलीत दाढीवाला खाली मान घालून लिहीत होता. मावशी पुढ्यात हात जोडल्यासारख्या उभ्या होत्या. दोघंही अवाक्षर बोलत नव्हते. बायकोला हे कुठल्या तोंडाने सांगायचं, याची गाईड मनात जुळवाजुळव करू लागला.

पाच मिनिटांनी दार उघडलं.

"सगळ्यांना जाऊ द्या," दाढीवाला म्हणाला. त्याचा घसा बसला होता. त्या वाऱ्यात दिवसभर उभं राहिल्यावर कुणाचाही बसेल.

मग काय विचारता! गाईडने त्या दिवशी संसद अशी दाखवली, जणू त्यानेच बांधली होती. त्याच त्या शिळ्या विनोदांवर तो स्वतःच खदखदून हसला. बाहेर आले तेव्हा ऊन पडलं होतं. त्याने बायकोला फोन करून नुसतंच विचारलं, जेवलीस का.

बसमध्ये मात्र तो मावशींशेजारी येऊन बसला.

"खोक्यातली कात्री पिशवीत कशी आली?"

"मीच काढून घेतली."

"माझी नोकरी गेली असती, मावशी."

"चुकलंच माझं. तुमच्या मालकांना हवं तर मी स्वतः सांगेन." त्यांचे डोळे लाल झाले होते. "पण जीव माझाही टांगणीला लागलाय." त्यांनी घडी घातलेली पावती पुढे केली. "एवढं वाचून दाखवा. अजून धीर झाला नाही मला."

राग गिळून तो वाचू लागला. नाव बरोबर होतं. गाव, गल्ली, घराचा नंबर, सगळं होतं. वस्तू, कात्री एक. आणि मध्येच त्याचा आवाज अडखळला, कारण त्या खोलीत मावशींना एक शब्दही बोलताना त्याने पाहिलं नव्हतं.

"पुढे?" मावशींनी विचारलं.

वस्तू परत मिळण्याचं ठिकाण. तिथे छापलेलं 'दार क्रमांक तीन' खोडून हाताने लिहिलं होतं, 'रविवारी घरी आणून देतो. बाबा ओरडले तरी येतो, आई.'