उत्तरेचं बेट

'खलाशी' या नावाने लिहिणाऱ्या खेळाडूने आज गेमच्या चर्चापानावर दीपगृहाच्या सावलीवरून तोंडसुख घेतलं होतं. 'सूर्य पश्चिमेला आणि सावलीही पश्चिमेलाच. बंदरगावात हल्ली निसर्गही मनाला येईल तसा वागतो. असो. बेट कधी देताय?' खाली बाकीच्या खेळाडूंनी री ओढली होती. बेट कुठे अडलं, बेट बुडालं की काय, बेट गिळलंत का.

तिने चहाचा कप बाजूला सारला आणि सावली दुरुस्त करायला घेतली. चूक खरीच होती, म्हणून जास्त झोंबली.

'बंदरगाव' हा गेम आला, तेव्हा ऑफिसच्या या मजल्यावर बसायला जागा नसायची. मोडकं गलबत घ्यायचं, डागडुजी करायची, समुद्रात जायचं आणि येईल त्या कमाईवर गाव वाढवायचं, एवढाच खेळ. पण लोकांनी तो डोक्यावर घेतला. मग कंपनीने नवे गेम काढले, माणसं तिकडे गेली आणि बंदरगावापाशी दोघंच उरली. प्रोग्रामर म्हणून ती, आणि चित्रं काढणारे दादा. जाता जाता कुणीतरी खेळाडूंना उत्तरेला एक नवं बेट देण्याचा शब्द देऊन गेलं होतं. शब्द देणारा गेला, शब्द हिच्या गळ्यात पडला.

दादा पहिल्या दिवसापासून इथे होते. मजला भरलेला असायचा तेव्हा मालकांच्या बैठकांनाही जायचे. आता कुणी बोलवत नसे, आणि त्यांचीही तक्रार नसे. खलाशीचा निम्मा मार त्यांनाच पडायचा. 'या होड्या आहेत की भिजलेल्या चपला?' असं त्याने लिहिलं तेव्हा ती संतापाने लाल झाली, आणि दादा मात्र हसले. चपलाच दिसतात म्हणाले, आणि होड्या नव्याने काढायला बसले.

तिला असं हसण्यावारी नेता येत नसे. आपल्या घरात दोघं नाही, तिघं राहतात, तिसरा खलाशी, असं नवरा म्हणायचा. पहिल्यांदा तिलाही हसू आलं होतं.

मग एक दिवस खलाशीने लिहिलं, 'बंदरगावाला आता फक्त राखणदार उरलेत. बांधणारं कुणी राहिलं नाही.' ते तिच्या जिव्हारी लागलं. त्याच दिवशी तिने साहेबांना सांगितलं, बेट मी करते. साहेब हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. रोजचं काम सांभाळून काय हवं ते कर, एवढंच म्हणाले.

तिने सुट्टीचे दिवस त्यात घातले. सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनलाही नवऱ्याला एकट्याला पाठवलं, आणि त्यावरून घरात बरेच दिवस अबोला राहिला. दादा चित्रं काढून द्यायला तयार झाले, पण कुरकुरत. आराखडा त्यांनी दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिला.

"सगळं देऊ नकोस," ते म्हणाले. "किनारा दे, डोंगर ठेव."

"का?"

"त्यांना मागायला काहीतरी राहू दे."

तिचा पारा चढला. तुम्हीही आता कंपनीवाल्यांसारखं बोलायला लागलात, लोकांना झुलवत ठेवण्यात कसली मजा, असं तिने त्यांना ऐकवलं. दादा कामाला लागले. त्यांनी डोंगर काढला. धुकं विरताना खडकांवर चढत जाणारं ऊन काढलं, कड्यावरचे पांढरे पक्षी काढले. इतकं सुंदर काम त्यांच्या हातून तिने कधी पाहिलं नव्हतं. शेवटचा रंग भरून झाला तेव्हा, घरातलं माणूस दूरगावी निघाल्यासारखे ते स्क्रीनकडे बघत बसले.

बेट आलं आणि एकच जल्लोष झाला. खेळ सोडून गेलेले परत आले. एका बाईंनी लिहिलं, की लेक आणि मी मिळून शिखर गाठलं, बऱ्याच दिवसांनी दोघी एकमेकींशी बोललो. खलाशीने एकच ओळ लिहिली. 'सावली जिथे पडायला हवी तिथेच पडली आहे. हात जोडले.' ती ओळ तिने घरी नवऱ्याला वाचून दाखवली.

त्यानंतर खलाशी गप्प झाला. हळूहळू बाकीचेही. लोक डोंगर चढले, ऊन बघितलं, आभार मानले आणि आपापल्या वाटेने गेले.

साहेबांनी दोघांना आत बोलावलं तेव्हा शाबासकी मिळणार असं तिला वाटलं होतं. साहेब टेबलावरच्या काचेकडे बघत बोलले. मालक बंदरगाव बंद करताहेत.

"पण लोकांना इतकं आवडलंय," ती म्हणाली.

साहेबांनी सुस्कारा सोडला. मालकांनी हा गेम कधी खेळलेला नाही, ते म्हणाले. दर वेळी विचारायचे, अजून ओरड आहे का? मी ओरड नेऊन दाखवायचो. लोक भांडताहेत म्हणजे त्यांचा जीव अडकलाय, चालू दे, म्हणायचे. आता कुणी ओरडतच नाही, तर मी काय दाखवू? तिला नव्या गेमवर घेतील. दादांसाठी साहेबांनी शब्द टाकून पाहिला होता. जमलं नाही.

दोघं जागेवर परतले. दादा खण उपसून सामान पिशवीत भरू लागले. तिला त्यांच्याकडे बघवेना. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तिचा राग सवयीच्या जागी जाऊन बसला.

"इतकी वर्षं त्या खलाशीने छळलं," ती म्हणाली. "आणि गरज होती तेव्हाच मेल्याची वाचा बसली. एखादी तक्रार लिहायला काय धाड भरली होती?"

दादांचा हात पिशवीतच थांबला.

"रोज सकाळी बसायचो गं लिहायला," ते म्हणाले. "पण तू नावं ठेवायला जागाच ठेवली नव्हतीस."