हुकूम नव्हे, विनंती

"पुन्हा एकदा वाच," नवरा म्हणाला. "शेवटचं तेवढं."

तिनं पत्र पुन्हा उघडलं. कमांडरांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. 'नवं जहाज माझ्याकडे आलंय. वाट दाखवायला तुझ्याशिवाय कुणावर माझा भरवसा नाही. हा हुकूम नव्हे, विनंती आहे. शुक्रवारपर्यंत कळव.'

नौदलात अशी खासगी पत्रं हुकमाच्या आधी येत. माणूस नाही म्हणाला, तर कागदोपत्री काही उरत नसे आणि कुणी त्याला भित्राही ठरवत नसे.

"तू नाही म्हण," तो म्हणाला. "लगेच कळवतो. राजीनामाही देऊन टाकतो. वीस वर्षं तोच धोशा लावलायस ना?"

लावला होताच. समुद्र ही आपली सवत आहे, असं ती चारचौघांत म्हणायची, आणि त्यात थट्टा निम्मीच असायची. धाकटी झाली ते त्याला तारेनं कळलं होतं. साठलेली रजा संपवतोय म्हणून गेले दोन महिने तो घरी होता, तेच तिला सणासारखं वाटत होतं. आणि आता सीमेपलीकडून रोज धमक्या येत होत्या. रेडिओवर बातम्या लागल्या की ती तो बंद करून टाकायची.

"विचार करते," ती म्हणाली.

बुधवार गेला, गुरुवार गेला. तो ताटातला घास नुसता चिवडायचा. चहा ओतताना निम्मा बशीत सांडायचा.

"अगं, सरळ नाही म्हण ना. मला काही वाटणार नाही."

काळजावर दगड ठेवून हा माणूस आपल्यासाठी घरी बसायला निघालाय, असं तिच्या मनानं घेतलं. तिला स्वतःची लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी तिनं त्याची बॅग भरली. लोकरीचे मोजे, दाढीचं सामान, मुलींचा फोटो.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "मी आड येणार नाही."

तो पलंगावर बसला. "नक्की?"

"नक्की. माझं मन फिरायच्या आत कळवा."

दुपार झाली तरी तो तिथंच बसून होता. "कळवतो की," एवढंच म्हणायचा. शेवटी बाजाराचं निमित्त काढून ती थेट कमांडरांच्या कचेरीत गेली.

"वहिनी, तुम्ही?" कमांडर उठून उभे राहिले.

"हे कळवायचे नाहीत, म्हणून मीच आले. घेऊन जा ह्यांना, साहेब. माझी हरकत नाही. फक्त परत आणा."

कमांडरांनी दार लावून घेतलं.

"तुम्ही नाही म्हणाल, असं तो मला छातीठोकपणे म्हणाला होता."

"म्हणजे?"

"डोळ्यांच्या तपासणीत तो नापास झालाय, वहिनी. दोन महिन्यांपूर्वीच त्याला सेवेतून मोकळं केलंय. घरी सांगायचा धीर होईना त्याला. निदान बायकोसाठी नोकरी सोडली असं म्हणता यावं, म्हणून पत्र मागायला आला होता. अक्षर माझं आहे, मजकूर त्याचाच."