अर्ध्या इंचाचा पाना

"अर्ध्या इंचाचा पाना कुठाय?" व्हर्जिल टॅकेटने तिसऱ्यांदा विचारलं, आणि त्याच्या हाताखालची माणसं तिसऱ्यांदा खाली माना घालून उभी राहिली.

हत्यारांच्या खणात प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच होती आणि प्रत्येकाच्या पाठीवर दलाचं नाव कोरलेलं. सगळ्या खाचा भरलेल्या, एक रिकामी. खाच रिकामी तर विमान जमिनीवर. दोन वर्षांपूर्वी इंजिनापाशी विसरलेल्या एका पेचकसाने वैमानिकाचा जीव घेतला होता. तो विषय या तळावर कुणी काढत नसे.

कॅप्टन नॅडीन ब्रूसार्ड हेल्मेट काखेत धरून शिडीखाली उभी होती. राखीव दलातली माणसं ही, महिन्यातून दोन दिवस गणवेशात. एरवी नॅडीन शाळेत गणित शिकवायची, व्हर्जिल लिफ्ट दुरुस्त करायचा. बाळंतपणात तिची उड्डाणं राहून गेली होती. आज उडाली नाही तर वैमानिकांच्या यादीतून तिचं नाव कायमचं कटणार होतं.

"व्हर्जिलकाका, किती वेळ?"

"सापडेपर्यंत."

"म्हणजे संपलंच की माझं."

हँगरच्या मधोमध पिवळी रेघ होती. अलीकडे व्हर्जिल-नॅडीनचं हवाई दल, पलीकडे नौदल. बावीस वर्षं दोन्हीकडचे एकमेकांच्या वस्तू ढापत आले होते. गेल्याच महिन्यात नौदलवाल्यांनी यांची कॉफीची किटली ध्वजस्तंभावर चढवली होती. हत्यारांना मात्र आजवर कुणी हात लावला नव्हता.

तेवढ्यात रेघ ओलांडून एमिल ब्रूसार्ड आला. नौदलाचा मुख्य मेकॅनिक आणि नॅडीनचा बाप. त्याच्या हातात रुमालात गुंडाळलेला पाना होता.

"हा घे तुझा लाडका. तोंड बघ, एरंडेल प्यायल्यासारखं झालंय!"

"लाज नाही वाटत, एमिल? पोटच्या पोरीच्या उड्डाणावर थट्टा?"

"चुकलं बाबा. पातेलंभर गंबो रस्सा माझ्याकडून."

व्हर्जिलने पाना हिसकावून खाचेत दाबला. नेमका बसला. तो इतका पेटला होता की उड्डाणाच्या परवानगीवर सही करताना कागदच फाटला.

नॅडीनने बापाला मिठी मारली. "पप्पा, तुम्ही पण ना!"

एमिलने तिच्या हेल्मेटचा पट्टा दोनदा ओढून पाहिला.

विमान उडालं. एमिल दारातच उभा राहिला, आभाळाकडे तोंड करून. शेवटी व्हर्जिललाच त्याची दया आली.

"चल, कॉफी घे. माफ केलं."

"नको. उतरू दे तिला."

विमान अजून चाळीस मिनिटं वर असणार होतं. एवढा बडबड्या माणूस, पण आज त्याला एकही विनोद सुचत नव्हता.

चारच्या सुमाराला, विमान अजून वरच असताना, नौदलाच्या हत्यारांची मोजणी करणारी ओफेलिया रेघेपाशी आली.

"पुरे झालं हं, व्हर्जिल. आमचा पाना द्या मुकाट्याने."

"कुठला पाना?"

"अर्ध्या इंचाचा. खाच रिकामी आहे आमची. किटलीचा बदला घेतलात ना?"

व्हर्जिल हसला. मग त्याचं हसू थांबलं. त्याने दाराकडे पाहिलं. एमिलने मान वळवली नाही.

व्हर्जिलने चष्मा चढवला, खणाशी गेला, पाना उपटून काढला आणि पालथा केला.

पाठीवर बारीक अक्षरांत कोरलं होतं: नौदल.