चिक्कीगूळ

गुऱ्हाळावर गुळाची काईल, म्हंजी रस आटवायची मोठी कढई, कवा उतरवायची ते गुळव्या ठरवतो, आणि तो गुळव्या मी. ऐन टायमाला कॅनडातनं पोराचा व्हिडिओ कॉल आला. "तात्या, हितली चॉकलेटं खाऊन कटाळलो. उसाच्या कांडक्यावरचा गरम चिक्कीगूळ पायजे बघा." माझं टाळकंच सणकलं. "पाच वर्सं ह्येच ऐकतोय! गरम गूळ कुरिअरनं धाडू व्हय? विमानात बसायला काय हुतंय तुला?" "रजा न्हाय मिळत. निदान काईल तरी दावा की." "दावतो. फोनच चाट मग!" फोन धरून मी भांडत बसलो आणि अख्खी काईल करपली. तीस वर्सांत पयल्यांदा. मालक जिनेशआण्णा शिव्या देतच आलं. "गप बसा, आण्णा! पोरगं बघतंय." उसाचं कांडकं त्या काळ्या पाकात बुडवून मी फोनम्होरं चाटलं. कडूजहर. "कसा झालाय, तात्या?" पोरानं इचारलं. "येऊन बघ की, गाढवा!"